नाकात वजन

मोटर ड्रिल मशीनची.
कोपरखैरण्याच्या एका सुताराकडून
दीडशे रुपयांत आणली, गिअरबॉक्ससकट.
तो म्हणाला, मॅडम, हिचा चक गेलाय,
भिंतीला भोक पडायचं नाही.
म्हटलं, भिंत नकोच आहे. चढ पाहिजे.

चेसिस म्हणजे सरकत्या खिडकीच्या दोन पट्ट्या.
खाचेत अजून कुठल्याशा बाल्कनीची धूळ,
ती दात घासायच्या जुन्या ब्रशने काढली.
लिंका कापल्या झेरॉक्स मशीनच्या शाफ्टमधून.
एकोणीस वर्षं महाप्यात मी तीच मशीनं उघडते, मिटते.
लाखो कोरे कागद पुढे ढकलून झिजलेली सळई,
तिला एकदा दगड दाखवायचा होता.

सर्व्हो तन्वीरने दिला,
त्याचं विमान खाडीच्या चिखलात पडलं त्यातला.
उघडला तर गिअरवर मिठाची पांढरी रेघ.
डिझेलने धुतला, ग्रीस भरलं.
फिरला. डावीकडे कुरकुरत,
पण फिरला.

ॲक्सल दोन, दोन वेगळ्या गाड्यांचे;
मागचा चार मिलिमीटर रुंद.
डोक्यावर हंडा असल्यासारखी
कंबर सांभाळत चालते ती त्यामुळे.

बॉडीला गोडेतेलाचा डबा.
डब्यावरचं सूर्यफूल नेमकं बॉनेटवर यावं म्हणून
मोजून, आखून कापला,
तरी अर्धंच आलं.
अंगठ्याला तीन टाके.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय बनवत होतात?
ट्रक, म्हटलं.
त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

रात्री साडेअकराला, स्वयंपाकघराच्या फरशीवर,
पहिल्यांदा थ्रॉटल ओढला.
पुढची चाकं पुढे, मागची मागे.
एक डिफरन्शियल उलटा बसला होता.
गाडी जागच्या जागी थरथरत उभी,
सोसायटीच्या सभेसारखी.
सोळा स्क्रू परत काढले.
एक अजून फ्रिजखाली आहे.

रविवारी तुर्भ्यामागच्या बंद खदानीत गेले.
कातळावर सुरुंगाच्या भोकांच्या उभ्या रेघा,
खाली हिरवं साचलेलं पाणी,
आणि माझ्या पावलाएवढ्या पायऱ्या,
दहास एकच्या हिशेबात प्रत्येक पायरी एक घाट.
दोन दगड चढली.
तिसऱ्यावर नाक वर, पोट उघडं,
चारही चाकं हवेत गरगर.
सात वेळा.
सातही वेळा मी गेले, सरळ केली, मागे आले.

वरच्या दगडावर एक म्हातारा तंबाखू मळत बसलेला.
हसुराम भोईर. या खदानीत बावीस वर्षं डंपर.
आठव्यांदा उलटली तेव्हा बोलला,
‘पोरी, तुजे गारीचा नाक हलका हाय.
नाकान वजन घाल.’
मग तंबाखू तोंडात टाकली
आणि विषय संपल्यासारखा पाण्याकडे बघत राहिला.

शिरवण्याच्या टायरवाल्याकडून
चाकं बॅलन्स करायचे शिशाचे तुकडे आणले,
पुढच्या दोन रिमांच्या आत चिकटवले,
साठ साठ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून,
जिरं मोजतात तसे.

पुढच्या रविवारी तो आधीच आलेला होता.
शर्टाला इस्त्री.
मी तिला तिसऱ्या दगडाशी आणलं.
पुढचं डावं चाक चाचपडलं,
घसरलं, पुन्हा चाचपडलं,
स्पंजच्या पोटाचा टायर कातळाच्या कडेवर दबला
आणि धरला.
ड्रिलची मोटर भिंतीत शिरताना रडते तशी बारीक रडली.
अर्धं सूर्यफूल वर, वर,
मग मागची रुंद कंबर,
मग गाडी चौथ्या दगडावर, चार पायांवर.

तिथे आमचा दगड फोडायचा क्रशर व्हता, तो म्हणाला.
मी बोट रिमोटवरून न उचलता त्याच्याकडे पाहिलं.
त्याचा उजवा हात गुडघ्याशी, मूठ अर्धवट वळलेली,
आणि डावा पाय, चपलेसकट,
मातीत हळूहळू दाबत, हळूहळू सोडत,
पाचव्या दगडासाठी.

या गाडीला क्लच नाही.
मी सांगितलं नाही.